उदगीरपुढचा शेरा

वसुधाताई,

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी गुडगावच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. "संगीतादीदी, आई..." एवढंच म्हणाला आणि पुढचा मराठी शब्द शोधत राहिला. शेवटी हिंदीत म्हणाला, "सोते-सोते ही चली गई." तुम्ही असता तर आधी त्याच्याकडून ते वाक्य मराठीत म्हणवून घेतलं असतंत आणि मगच त्याला रडू दिलं असतंत. मी गाडी कडेला घेतली आणि काही सुचेना म्हणून सवयीने तुमचाच नंबर लावला. मिलिंदनेच उचलला.

मग करोल बागेत आपल्या मराठी मंडळाने शोकसभा ठेवली. तुमचा जन्म कुठला, माहेर कुठलं, गणेशोत्सवात किती वर्षं प्रसादाचं काम पाहिलंत, ते सगळं लोकांनी नीट सांगितलं. मला बोलायला सांगितलं तर मी मान हलवून नाही म्हटलं. मला जे बोलायचंय ते तुमच्याशी आहे आणि त्यातलं निम्मं भांडण आहे. वीस-बावीस वर्षांचं भांडण असं शोकसभेत चारचौघांसमोर कुठे काढायचं?

आपली पहिली भेट मला अगदी लख्ख आठवते. नोएडात तेव्हा निम्मे सेक्टर नकाशावरच होते आणि त्यांच्या जागी मोहरी डोलत होती. आपलं ऑफिस जनरेटर दुरुस्तीच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. मेहरासाहेबांची कंपनी नवी होती. परदेशात गेलेल्या मुलांनी आपल्या साइटवर मिठाई, राखी नाहीतर शाल निवडायची आणि ती आपण इथे त्यांच्या आईवडिलांच्या दारात पोचवायची. मी चोवीस वर्षांची, कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स करून आलेली, त्यामुळे थोडी तोऱ्यात. आत आले तर एक बाई कानाला रिसीव्हर लावून, मांडीवर पेपर पसरून मटार सोलत बसलेल्या. मला वाटलं, साहेबांची कोणी नातेवाईक फोन करायला आली असेल.

"नवी का तू? मराठी? अच्छा, मग बस इथे. हे सोल," असं म्हणून तुम्ही अर्धी पिशवी माझ्याकडे सरकवलीत. माझ्या नोकरीचा पहिला तास मटार सोलण्यात गेला.

बावीस वर्षं तुम्ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतात. लोकांचे ट्रंक कॉल जोडून दिलेत. मग तिथं यंत्रं आली, लोक आपले आपणच नंबर फिरवायला लागले आणि तुम्हाला लवकर निवृत्ती घ्यायला लावली. मी एकदा त्याला "स्वेच्छानिवृत्ती" म्हटलं तर तुम्ही म्हणालात, "स्वेच्छा माझी नव्हती गं, त्यांची होती." मेहरासाहेबांनी तुम्हाला घेतलं ते फोन उचलायला. पण महिन्याभरात साइट नीट दिसते की नाही हे तपासायचं काम तुमच्याकडे आलं आणि मी तुमच्या हाताखाली.

आपल्या साइटला दोन तोंडं होती. परदेशातून कोणी उघडली की डॉलरमधल्या किमती दिसायच्या आणि खाली "आमची माणसं" म्हणून आपले सगळ्यांचे फोटो. तुमच्या आईच्या हातात डबा देणारी माणसं अशी आहेत, हे त्या मुलांना कळावं म्हणून. भारतातून उघडली की रुपये दिसायचे, फोटो गायब आणि आपलं पार्सल कुठवर आलंय ते बघायची सोय. माणूस कुठून बघतोय हे साइट त्याच्या इंटरनेटच्या जोडणीवरून ओळखायची. ती बरोबर ओळखते का, गुवाहाटीच्या माणसाला भारतातलंच पान दिसतं का आणि दुबईच्या माणसाला परदेशातलं, हे नोएडात बसून कळायचं कसं?

मी पहिल्याच आठवड्यात एक युक्ती शोधून काढली होती. दुसऱ्या देशातल्या एखाद्या यंत्रामार्फत साइट उघडायची म्हणजे तिला वाटतं आपण तिकडूनच आलोय. मी मोठ्या ऐटीत ती दाखवली. तुम्ही चष्मा वर करून बघितलंत आणि म्हणालात, "छान. यंत्राला यंत्र भेटलं. आता माणसाला काय दिसतं ते बघू." आणि तुम्ही फोन ओढलात.

देशभरातल्या एक्स्चेंजमध्ये तुमच्या मैत्रिणी होत्या. त्यांतल्या निम्म्यांना तुम्ही कधी पाहिलंही नव्हतंत, फक्त वर्षानुवर्षं तारेवर बोलला होतात. कोणी जबलपूरच्या, कोणी कोट्टायमच्या, कोणाची बहीण मस्कतला, कोणाचा जावई टोरांटोला. त्यांना तुम्ही सायबर कॅफेत पाठवायचात आणि तिथल्या फोनवर कॉल लावायचात. तुमचा नियम एकच होता. "दिसतंय का?" असं कधीही विचारायचं नाही. आपली माणसं भिडस्त, समोरच्याचं मन मोडू नये म्हणून "हो, छान दिसतंय" म्हणून मोकळी होतात. "काय दिसतंय?" असं विचारायचं आणि वरून खाली वाचून घ्यायचं.

जबलपूरच्या भाभीजींचा किस्सा मी अजून सांगते. त्या म्हणाल्या, "बहुत सुंदर है, बहनजी. सब ठीक है." तुम्ही म्हणालात, "भाभीजी, सुंदर रहने दीजिए. ऊपर से नीचे पढ़िए. जो लिखा है वही, जो होना चाहिए वो नहीं." मग हळूच आवाज आला, "बहनजी, यहाँ तो बत्ती गई हुई है. आधे घंटे से अँधेरे में बैठी हूँ." तुम्ही रिसीव्हरवर हात ठेवून इतक्या हसलात की मेहरासाहेब केबिनमधून बाहेर आले.

जे ऐकायचात ते शब्दन्‌शब्द वहीत उतरवायचात. लांब पाठकोरी वही, समास आखलेला आणि शेवटच्या रकान्यात शेरा. ठीक नाहीतर चूक, तिसरा शब्द नाही. मी कधी "जवळजवळ ठीक लिहू का?" विचारलं तर तुम्ही पेनच काढून घ्यायचात. एकदा दिवाळीच्या तोंडावर नवं पान चढवायचं होतं आणि मस्कतहून एका ओळीत रुपये दिसले म्हणून तुम्ही सही द्यायला नकार दिलात. साहेबांनी विनवण्या केल्या, आवाज चढवला. तुम्ही डबा उघडून शांतपणे पोळी खाल्लीत. पान दोन दिवसांनी चढलं. त्यानंतर तुमची सही असली की साहेब वही उघडूनसुद्धा बघेनासे झाले.

आता माझ्यावर येते. उदगीरहून मी दिल्लीला आले होते ती कलेक्टर व्हायला. बाबा तिथल्या शाळेत मास्तर, सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं आणि त्या सगळ्या गावाला त्यांनी सांगून ठेवलं होतं की आमची संगीता दोन वर्षांत लाल दिव्याच्या गाडीतून येईल. करोल बागेजवळच्या एका खोलीत आम्ही तिघी राहायचो. मी तीनदा परीक्षा दिली आणि तीनदा पहिल्याच पायरीवर घसरले. चौथ्या वेळी फॉर्मच भरला नाही. नोकरी धरली आणि घरी काही सांगितलं नाही. दर रविवारी दुपारी बाबांना फोन करायची. ते विचारायचे, "अभ्यास?" मी म्हणायची, "चाललाय." एवढ्या एका शब्दावर मी वर्ष काढलं. बाबांना कळलं तर ते काय म्हणतील याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही की ते काहीच म्हणणार नाहीत.

रविवारी कामाचा दिवस असला तर तो फोन मी ऑफिसातूनच करायची. तुम्ही पलीकडच्या टेबलावर स्वेटर विणत बसलेल्या असायचात. तुम्हाला ऐकू जात होतं हे मला माहीत होतं. एकदा मी घाबरत विचारलंही, "ताई, तुम्ही ऐकलंत?" तुम्ही टाके मोजत म्हणालात, "ऑपरेटरला सगळं ऐकू येतं आणि त्याने काही ऐकलेलं नसतं. बिल्कुल काळजी करू नकोस."

"आमची माणसं" साठी फोटो काढायची वेळ आली तेव्हा मी आढेवेढे घेतले. मग विचार केला, भारतात तर ते पान दिसतच नाही. तरी खात्री म्हणून मी स्वतः नागपूर, पुणे, औरंगाबाद तपासून घेतलं. कुठेही फोटो नाही. मग मी नवे कापलेले केस विंचरून उभी राहिले. ओळीत चौथी, तुमच्या शेजारी.

त्यानंतर महिन्याभराने तुम्ही म्हणालात, छोट्या गावांतही डबे जायला लागलेत, तर आता तालुक्याच्या ठिकाणांहून बघून घेऊ. "उदगीरला कोण आहे गं?" मी म्हटलं, "कोणी नाही." तुम्ही माझ्याकडे जरा वेळ बघितलंत आणि विणायला लागलात.

पुढच्या रविवारी मी खोलीखालच्या बूथवरून बाबांना फोन केला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मी "अभ्यास?" या प्रश्नाची वाट बघत होते. तो आलाच नाही. बाबा म्हणाले, "केस कापलेस ते बरे दिसतात." आणि फोन ठेवून दिला.

बूथवाला पावती देत होता आणि मला हात पुढे करायचंही सुचत नव्हतं.

सोमवारी मी तुमच्या टेबलापाशी येऊन जे बोलले ते आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते. नोकरीच्या फॉर्मवरून माझ्या घरचा नंबर घेतलात, माझ्या बापाला कॅफेत पाठवलंत, कोणी सांगितलं होतं तुम्हाला, तुमचं काय जात होतं? तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "मी फक्त विचारलं, काय दिसतंय." मी म्हटलं, "खोटं. तुम्ही ठरवून केलंत." तुम्ही म्हणालात, "अगं, तो फोटो दिसेल हे मला तरी काय ठाऊक?"

ते खरंच कोणाला ठाऊक नव्हतं. उदगीरच्या बसस्टँडजवळच्या त्या कॅफेचं इंटरनेट छतावरच्या डिशमधून यायचं आणि त्या डिशचं दुसरं टोक सिंगापूरला होतं. त्यामुळे आपल्या साइटच्या लेखी उदगीर सिंगापुरात होतं. म्हणून गुरुजींना डॉलर दिसले आणि डॉलरच्या खाली मुलगी दिसली. हे कळल्यावर मला उलट जास्तच राग आला, कारण आता पूर्ण दोष तुम्हाला देता येईना. मी तीन आठवडे तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही रोज माझ्या टेबलावर मुळ्याच्या फोडी मीठ लावून ठेवायचात आणि मी त्या तुमच्यासमोर न खाता, तुम्ही ऑफिसवाल्यांची चार्टर्ड बस पकडायला खाली उतरलात की खायची.

दिवाळीला घरी गेले. बाबा अंगणात शेजाऱ्यांशी बोलत उभे होते. शेजाऱ्यांनी विचारलं, "काय गुरुजी, कलेक्टरीणबाई आल्या का?" बाबा म्हणाले, "कंपनीत आहे ती आता, दिल्लीला. परदेशातल्या लोकांना तिचा फोटो दिसतो." आणि माझी बॅग उचलून आत गेले. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. परीक्षेचं नाव त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. मीही काढलं नाही. माफ केलं की नुसतं सोडून दिलं, हे मला तेव्हा कळलं नाही, विचारायचा धीर कधी झाला नाही.

ते घरचं सगळं मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही विचारलं नाहीत. आपलं बोलणं सुरू झालं, मग हसणंही. मी लग्न केलं, गुडगावला गेले, मोठ्या कंपनीत लागले, तिथे जगातल्या चाळीस शहरांतून साइट कशी दिसते ते बटण दाबलं की समोर येतं. दर गणपतीत मोदक वळताना मी तुम्हाला चिडवायची, "ताई, आता तरी कबूल करा. ठरवून केलंत ना?" तुम्ही पारी हातात फिरवत म्हणायचात, "सारण कमी भर, फुटेल." इतक्या वर्षांत हो म्हणाला नाहीत आणि नाही म्हणाला नाहीत. मला वाटायचं, पुढच्या वर्षी कबूल करून घेऊ.

तेराव्याला तुमच्या घरी गेले. मिलिंदच्या बायकोने दिवाण उघडून आवरायला घेतलं होतं. स्वेटर, जुन्या चादरी आणि तळाशी दोरीने बांधलेल्या पाठकोऱ्या वह्या. "ये ऑफिसवाली चीजें हैं, दीदी. आप ही ले जाओ," ती म्हणाली. त्या मी घरी आणल्या आणि दोन दिवस हात लावला नाही. मग उदगीरचं पान शोधलं. मला वाटलं होतं, शेऱ्याच्या रकान्यात "चूक" असेल. असायलाच हवं होतं. तालुक्याच्या गावात डॉलर दिसले यापरती मोठी चूक आपल्या कामात नव्हती. इतकी वर्षं मी हेच धरून चालले होते की तुम्ही ती नोंदवलीत, दुसऱ्या दिवशी ती दुरुस्त झाली आणि बाबांनी मला पाहिलं ते तेवढं एकदाच.

तुमच्या अक्षरात असं आहे: "उदगीर. गुरुजी. वर कंपनीचं नाव, निळ्या रंगात. त्याखाली मिठाईचा डबा. किंमत डॉलरमध्ये. त्याखाली 'आमची माणसं'. फोटो सहा. चौथा एका मुलीचा. चष्मा आहे. केस कापलेत, बरे दिसतात. विचारलं, त्याखाली काय आहे? गुरुजी म्हणाले, बाई, जरा थांबू द्या इथं."

आणि शेऱ्याच्या रकान्यात, समासाला धरून, खाडाखोड न करता: "ठीक."

मी वही मिटली आणि बाबांना फोन केला. आता ऐंशीच्या पुढे आहेत, कानाला यंत्र आहे, दोनदा ओरडून सांगावं लागलं. मी विचारलं, "बाबा, तो कॅफेतला माझा फोटो तुम्ही एकदाच पाहिला होतात ना?"

"एकदा कशाला?" बाबा म्हणाले. "दर रविवारी बघायचो की. तुझा फोन यायच्या आधी. त्या बाई म्हणाल्या होत्या, गुरुजी, हे पान आहे तसंच राहील, तुम्ही कधीही या. दोन वर्षं होतं. मग साइटच बदलली म्हणे."

"मला कधी बोलला नाहीत."

"तू तरी कुठं बोललीस?" मग म्हणाले, "दिवाळीला फोटो बदलायचे तुम्ही. दुसऱ्या फोटोत चष्मा नवा होता."

तेव्हा आठवलं. एका रविवारी त्यांनी विचारलं होतं, चष्मा बदललास का. मी समजले, मीच कधीतरी सांगितलं असेल.

ताई, जवळजवळ ठीकसुद्धा ज्यांना चालायचं नाही, त्यांनी चक्क चुकीपुढे ठीक लिहून सही केली. साहेब बघणार नाहीत हे तुम्हाला माहीत होतं. उदगीरहून कोणी ओरडलं असतं तर नोकरी गेली असती, दुसऱ्यांदा, आणि तेव्हा मिलिंद शाळेत होता. मी समोरच्या टेबलावर तोंड फिरवून बसले होते तेव्हा तुम्ही हे करून बसला होतात, वर मुळा चिरून ठेवत होतात. मला सांगितलं असतंत तर भांडण त्याच दिवशी मिटलं असतं. पण ऐकलेलं ऑपरेटरचं नसतं, गुरुजी काय बोलले ते गुरुजींचं, हा तुमचा हिशेब. मला हे पटत नाही. या मुद्द्यावर मी पुढच्या गणपतीतही भांडणार आहे, मोदक एकटीने वळावे लागले तरी.

आणि आभार राहिलेत. ते मी एकदाही मानले नाहीत. आज मानते.

मिलिंदने तुमचा फोटो पाठवलाय. इथे टेबलावर ठेवलाय. छान आहे असं म्हणणार नाही, ते तुम्हाला चालायचं नाही. वरून खाली सांगते. वर भिंतीवरचं घड्याळ, बंद पडलेलं. त्याखाली पांढरे केस, भांग जरा वाकडा. चष्मा, डाव्या काडीला दोरा गुंडाळलेला. कुंकू लहान. ओठ मिटलेले, हसू आवरल्यासारखे. त्याखाली खांद्यावर तो तपकिरी स्वेटर, तुम्ही त्या रविवारांत विणत होतात तो.

त्याखाली काय आहे ते विचाराल. ताई, जरा थांबू द्या इथं.